तारा, कमलकुमारी आणि स्कार्लेट

१५ डिसेंबर १९३९ रोजी अमेरिकेतल्या अटलांटा शहरात ‘गॉन विथ द विंड’ पहिल्यांदा पडद्यावर आला. जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने त्या दिवशी सुट्टी जाहीर केली होती, आणि महापौराने तर तीन दिवसांचा उत्सवच मांडला होता. नटनट्यांच्या गाड्या बघायला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लाखो माणसं उभी होती. निमित्त होतं जवळपास चार तास चालणाऱ्या एका सिनेमाचं. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडची राज्यं हरली, त्यांची मळेवाल्यांची श्रीमंती धुळीला मिळाली, आणि त्या पडझडीत स्कार्लेट ओहारा नावाची एक हट्टी, स्वार्थी, जिद्दी पोरगी उभी राहिली, ही त्याची गोष्ट. स्कार्लेटचं काम करणारी व्हिव्हियन ली हिचा जन्म आपल्या दार्जिलिंगचा, १९१३ सालचा.

त्याच १९३९ सालच्या सुरुवातीला हॉलिवूडचाच ‘गंगा दिन’ प्रदर्शित झाला होता. त्यात वायव्य सरहद्दीवरचे गोरे सोल्जर कालीभक्त ठगांशी लढतात. हिंदुस्थानात त्याच्याविरुद्ध ओरड झाली आणि बंगाल, मुंबईकडे त्याच्यावर बंदी आली. हे दोन सिनेमे एकमेकांचे कुणी लागत नाहीत. पण या दुसऱ्या सिनेमातल्या ठगांचं मूळ शोधत गेलं, तर वाट आपल्या बिदर-कलबुर्गीच्या मुलखात येते. त्याच वाटेला एक फाटा फुटतो आणि तो मराठी ऐतिहासिक कादंबरीतून थेट कोल्हापूरच्या स्टुडिओत जातो. दोन्ही वाटांच्या तोंडाशी एकच माणूस उभा आहे. त्याचं नाव फिलिप मेडोज टेलर.

टेलर १८०८ साली इंग्लंडात लिव्हरपूलला जन्मला. पंधरा-सोळाव्या वर्षी मुंबईच्या एका व्यापाऱ्याच्या पेढीवर नोकरीला म्हणून आला. पेढीत काही राम नव्हता. ओळखीपाळखीने तो निजामाच्या फौजेत शिरला आणि पुढची पस्तीसेक वर्षं त्याने हैदराबाद संस्थानाच्या या पट्ट्यात काढली. हैदराबादचा सावकार विल्यम पामर, ज्याची आई मुसलमान बेगम होती, त्याची मुलगी मेरी टेलरने बायको केली. तेव्हा कंपनी सरकारच्या साहेबांपेक्षा हा माणूस थोडा वेगळ्या घरात वावरत होता, हे लक्षात ठेवावं.

१८४१ मध्ये त्याला सुरपूरला पाठवलं. इंग्रज त्याला शोरापूर म्हणत. पूर्वी हे गाव गुलबर्गा, म्हणजे आजच्या कलबुर्गी, जिल्ह्यात होतं, आता यादगीर जिल्ह्यात आहे. तिथे बेडर नायकांचं छोटं राज्य, गादीवर लहान मुलगा राजा व्यंकटप्पा नायक, आणि कारभारावर ताबा ठेवून बसलेली त्याची आई राणी ईश्वरम्मा. टेलरने तिथे दहा-बारा वर्षं राज्याची व्यवस्था पाहिली. टेकडीवर स्वतःसाठी बंगला बांधला. फावल्या वेळात जेवर्गी, राजनकोळूर या बाजूची हजारो वर्षांपूर्वीची दगडी थडगी उकरली, मोजली, त्यांची चित्रं काढली आणि आयर्लंडच्या रॉयल अकादमीपुढे त्यावर निबंध ठेवले. कर्नाटकातल्या महापाषाणयुगाच्या अभ्यासाचा आरंभ करणाऱ्यांत त्याचं नाव आजही घेतात. १८५३ मध्ये निजामाने काही जिल्हे इंग्रजांकडे लावून दिले, तेव्हा टेलर नळदुर्गला डेप्युटी कमिशनर झाला. नळदुर्गच्या किल्ल्यात राहायचं, तुळजापूर-धाराशिवकडे फिरायचं आणि शेताशेताची मोजणी करवायची, असं त्याचं चाललं होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली आणि टेलरचा हा सगळा मुलूख दोन राज्यांत वाटला गेला. नळदुर्ग, तुळजापूर आताच्या महाराष्ट्रात. सुरपूर, जेवर्गी, बिदर आताच्या कर्नाटकात. भालकी, औराद या बाजूची मराठी बोलणारी घरं मधल्या रेषेवर.

पहिली वाट ठगांची. तरुणपणी टेलरकडे पोलिसाचं काम होतं, आणि पुढे फुटलेल्या ठगांचे जबाब त्याने स्वतः ऐकून लिहून घेतले. त्यातून १८३९ साली ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी लंडनला निघाली. अमीर अली नावाचा ठग साहेबापुढे बसून आपल्या खुनांची कहाणी सांगतो, तीही पश्चात्तापाचा लवलेश नसताना, कारागिराच्या तोऱ्यात. नव्याने गादीवर आलेल्या व्हिक्टोरिया राणीला इतका धीर धरवेना की छापून होतील तसे फर्मे तिने मागवून घेतले, असं टेलरने आत्मचरित्रात नोंदलं आहे. विलायती वाचकाच्या डोक्यात हिंदुस्थानी ठग पक्का बसला तो इथे. नंतरच्या इतिहासकारांनी हा ठगांचा बागुलबुवा कंपनी सरकारने किती फुगवला होता यावर बरंच लिहिलं. पण सिनेमावाले इतिहासकारांना विचारून सिनेमे काढत नसतात. बरोबर शंभर वर्षांनी ‘गंगा दिन’ आला. १९८४ मध्ये ‘इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम’ आला. त्यातला अमरीश पुरीचा मोलाराम माणसाचं काळीज हाताने उपटतो. आपल्या सरकारने चित्रीकरणाला परवानगी दिली नाही, म्हणून ती मंडळी श्रीलंकेत गेली. या वाटेबद्दल मला फारसं प्रेम नाही, म्हणून ती इथेच सोडतो.

दुसरी वाट प्रणयाची. तीच जास्त रंगतदार आहे.

१८६० मध्ये टेलर निवृत्त होऊन डब्लिनजवळ जाऊन राहिला. तिथे बसून त्याने तीन कादंबऱ्यांची एक माळ ओवली. तिन्हींत शंभर-शंभर वर्षांचं अंतर. ‘तारा’ १६५७ सालची, मराठ्यांच्या उदयाची. ‘राल्फ डार्नेल’ १७५७ ची, प्लासीची. ‘सीता’ १८५७ ची, उठावाची. पैकी ‘तारा’ १८६३ मध्ये तीन खंडांत छापली गेली, आणि तिच्यात आपला मुलूख पानोपानी भरला आहे. शंभराचा हिशेब जुळवण्यासाठी टेलरने प्रतापगडचा प्रसंग १६५७ शी बांधला. प्रत्यक्षात तो १० नोव्हेंबर १६५९ चा. १६५७ हे साल आपल्या भागाला वेगळ्याच कारणाने ठाऊक असायला हवं. त्या वर्षी औरंगजेबाने आधी बिदर आणि मग कल्याणीचा किल्ला आदिलशाहीकडून घेतला.

तारा ही तुळजापूरच्या व्यास शास्त्र्यांची मुलगी. बालविधवा. संस्कृत शिकलेली. तिच्यावर वाईट नजर ठेवणारा मोरो त्रिमल, भवानीच्या देवळातली गंगा मुरळी, आणि या सगळ्यातून तिला वाचवणारा विजापूरचा तरुण सरदार. तो कोण? फाजलखान, अफझलखानाचा मुलगा. कादंबरीचा नायक तोच. शेवटी तारा आणि फाजलखान यांचं लग्न होतं.

इथे मराठी वाचक पुस्तक मिटून ठेवील, आणि त्याला दोष देता येत नाही. टेलरचा जीव विजापूरकरांवर आहे. त्याचा अफझलखान मुलांवर जीव टाकणारा सरळ शिपाईगडी आहे. शिवाजी महाराजांकडे मात्र तो ग्रँट डफच्या चष्म्यातून बघतो, आणि डफने प्रतापगडच्या भेटीचा दोष महाराजांवर ठेवला होता हे सर्वांना माहीत आहे. फाजलखान हे इतिहासातलं खरं नाव आहे, तो प्रतापगडाखालून निसटला हेही खरं. पण तुळजापूरची तारा पूर्णपणे टेलरच्या कल्पनेतली. तुळजापूरचं देऊळ, तिथली गर्दी, मुरळ्या, जोगती, भोवतालचा माळ हे सगळं त्याने डोळ्यांनी पाहिलेलं होतं, आणि ते वर्णन आजही जिवंत लागतं. इतिहासाचा निवाडा कच्चा, मुलखाची ओळख पक्की, अशी ही कादंबरी आहे. (स्कार्लेटच्या बापाच्या मळ्याचं नावही ‘तारा’च आहे. ते आयर्लंडमधल्या एका प्राचीन टेकडीवरून आलेलं. निव्वळ योगायोग, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.)

आता हरिभाऊ आपटे. १८९० च्या सुमारास ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलेल्या हरिभाऊंनी पहिली ऐतिहासिक कादंबरी लिहिली ती ‘म्हैसूरचा वाघ’, आणि तिचा आधार होता टेलरची ‘टिपू सुलतान’. त्यांच्या आधी १८७१ मध्ये गुंजीकरांची ‘मोचनगड’ आली होती, पण या प्रकाराला घरोघरी नेलं हरिभाऊंनी. सुरुवात करताना त्यांच्या हाताशी टेलर होता. पुढे त्यांनी त्याला मागे टाकलं, आणि बरं झालं. ‘उषःकाल’मध्ये टेलरच्या ‘तारा’चाच काळ आहे, पण बघणारा डोळा मराठी आहे. टेलरकडून आणि त्याच्या मागे असलेल्या वॉल्टर स्कॉटकडून त्यांनी एक युक्ती मात्र कायमची उचलली. खऱ्या घटनेच्या चौकटीत काल्पनिक प्रेमकथा बसवायची आणि वाचकाला त्या प्रेमाच्या धाग्याला धरून लढाईपर्यंत न्यायचं.

त्याचा कळस ‘गड आला पण सिंह गेला’. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीची ही कादंबरी. ४ फेब्रुवारी १६७० ची रात्र, कोंढाणा, तानाजी मालुसरे आणि उदयभानु राठोड. सभासदाच्या बखरीत सांगायचं तेवढं सांगून झालं आहे. तीनशे मावळे कड्याने वर चढले, झुंज झाली, दोघेही सरदार पडले. त्या मजकुरात स्त्री नाही. हरिभाऊंनी तिथे कमलकुमारी आणली. सती जायला निघालेली ही रजपूत विधवा उदयभानु पळवून आणतो आणि कोंढाण्यावर डांबतो. आता गड घेणं हे फक्त राजकारण राहत नाही. एका स्त्रीची सुटका त्याला जोडली जाते आणि वाचकाच्या पोटात गोळा उठतो. तारा विधवा, कमलकुमारीही विधवा. दोघींना पळवणारा कुणीतरी आहे आणि सोडवणाराही. मूळ साचा कुठला हे ओळखू येतं, फक्त सोडवणाऱ्याची बाजू बदलली.

या कादंबरीने काय केलं, हे पाहायचं असेल तर कुणालाही विचारा, सिंहगडाला हे नाव कधी पडलं. तानाजी गेल्यावर, असंच उत्तर येईल. महाराजांच्या १६६३ च्या एका पत्रात ‘सिंहगड’ हे नाव आधीच आलेलं आहे, हे संशोधकांनी किती वेळा दाखवून दिलं. कुणी ऐकत नाही. गोष्ट इतकी चांगली आहे की पत्र तिच्यापुढे टिकत नाही.

१९२३ मध्ये कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबुराव पेंटरांनी या कादंबरीवर ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. रात्रीच्या लढाईसाठी त्यांनी कृत्रिम दिवे वापरले. तोवर आपल्याकडे सूर्यप्रकाशातच कॅमेरा फिरवायचा प्रघात होता. व्ही. शांताराम या तरुणाने त्यात शेलारमामाचं काम केलं. गर्दी इतकी लोटली की सरकारचं लक्ष तिकडे गेलं आणि करमणूक कर आला, असं सिनेमाच्या जुन्या मंडळींत सांगतात. दहा वर्षांनी, १९३३ मध्ये, त्याच शांतारामांनी प्रभातसाठी ‘सिंहगड’ बोलपट केला. आणि २०२० च्या जानेवारीत ‘तान्हाजी’ आला, त्यातही उदयभानूच्या मनात भरलेली कमल होतीच. तिला कुणी इतिहासाच्या कागदातून आणलं नव्हतं. हरिभाऊंची कमलकुमारी शंभराहून जास्त वर्षं सरून गेली तरी कामावर आहे.

आता पुन्हा अटलांटाला जाऊ, कारण हीच गोष्ट तिथे मोठ्या प्रमाणावर घडली. मार्गारेट मिचेलची कादंबरी जून १९३६ मध्ये आली, १९३७ मध्ये तिला पुलित्झर मिळालं, आणि निर्माता डेव्हिड सेल्झनिकने हक्क पन्नास हजार डॉलरना घेतले. दिग्दर्शक बदलले, लेखक बदलले. जळतं अटलांटा दाखवायला डिसेंबर १९३८ मध्ये स्टुडिओच्या मागच्या आवारातले जुने सेट खरोखर पेटवले. त्यात ‘किंग काँग’साठी बांधलेली प्रचंड भिंतही होती. गंमत म्हणजे तेव्हा नायिका अजून ठरलेलीच नव्हती. चित्रपटाला आठ ऑस्कर मिळाले, दोन मानाचे वेगळे. महागाईचा हिशेब लावला तर आजवर सगळ्यात जास्त कमाई केलेला सिनेमा तोच.

पण या सिनेमात गुलामांचं काय झालं? ते हसतमुख, मालकिणीवर जीव टाकणारे. चाबूक कुठे दिसत नाही, लेकरं विकली जात नाहीत. हरलेल्या दक्षिणेने युद्धानंतर स्वतःची समजूत घालायला जी कहाणी रचली होती, आमचं राज्य सुंदर होतं आणि गुलामही सुखी होते, ती कहाणी या सिनेमाने जगभर पोहोचवली. स्कार्लेटची दाई मॅमी हे काम हॅटी मॅकडॅनियलने केलं आणि ऑस्कर मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती ठरली. अटलांटाच्या पहिल्या खेळाला मात्र तिला जाता आलं नाही, कारण जॉर्जियात काळ्या-गोऱ्यांची बसण्याची जागा कायद्याने वेगळी होती. ऑस्करच्या समारंभातही तिचं टेबल बाजूला मांडलेलं होतं. २००१ मध्ये ॲलिस रँडलने हीच कथा गुलाम स्त्रीच्या तोंडून सांगणारी कादंबरी काढली, आणि तिच्यावर कोर्टकचेरी झाली. जून २०२० मध्ये, पोलिसांच्या हातून कृष्णवर्णीय जॉर्ज फ्लॉइडचा मृत्यू झाल्यानंतर, एचबीओ मॅक्सने सिनेमा काही दिवस उतरवला आणि मग परत चढवला. पुढे एक प्रास्ताविक जोडलं, सिनेमा मात्र कापला नाही. मला ही रीत पटते. सिनेमा नाहीसा करून इतिहास सुधारत नाही, पण बघणाऱ्याला कोणती खिडकी बंद ठेवली होती हे सांगता येतं.

तोच निकष आपल्याकडे लावला तर? ऐतिहासिक प्रणयकथेची ताकद ती काय दाखवते यात आहेच. समाज तिच्यातून काय गाळतो आणि काय ठेवून घेतो, याने मात्र तिचा खरा स्वभाव कळतो. आपण कमलकुमारीला ठेवून घेतलं, कारण ती आपल्या बाजूची होती आणि तिच्या सुटकेत आपली शान होती. ताराला सोडून दिलं. ब्राह्मण विधवा आणि विजापूरचा मुसलमान सरदार यांचं लग्न लावणारी गोष्ट १८६३ मध्ये इंग्रजीत छापता आली. ती पडद्यावर आणण्याची छाती आज कुणाकडे आहे असं मला वाटत नाही. टेलरच्या इतिहासाला नकार देण्यात काही गैर नाही. पण त्या नकारासोबत हा मुलूखही बाहेर गेला. तुळजापूर ते विजापूर या पट्ट्यात शेकडो वर्षं माणसं एकमेकांच्या भाषेत बोलली, एकमेकांच्या उरुसाला आणि जत्रेला गेली, लढली, सोयरिकी केल्या, त्या जगाची मोठी प्रेमकथा मराठीत रुजली नाही.

खुद्द टेलरच्या आयुष्यात एक कादंबरी होती, तीच त्याने कादंबरी म्हणून लिहिली नाही. सुरपूरचा राजा व्यंकटप्पा नायक त्याच्या डोळ्यांदेखत मोठा झाला. तो टेलरला ‘अप्पा’ म्हणायचा. फेब्रुवारी १८५८ मध्ये या चोवीस वर्षांच्या राजाने इंग्रजांविरुद्ध हत्यार उचललं, पराभव झाला, हैदराबादला पकडला गेला. टेलर त्याला कैदेत भेटायला गेला तेव्हा राजा त्याच्या गळ्यात पडला. माफीचा अर्ज कर, असं सुचवलं तर त्याने मान्य केलं नाही. चोरासारखं फासावर देऊ नका, तोफेच्या तोंडी द्या, एवढंच मागितलं. फाशीची शिक्षा कमी होत होत चार वर्षांच्या कैदेवर आली. मद्रासकडे चेंगलपट्टूला नेत असताना वाटेत राजाने पिस्तुलाने स्वतःला संपवलं. १८६० मध्ये सुरपूरचं राज्य इंग्रजांनी निजामाला बक्षीस देऊन टाकलं. हे सगळं टेलरने ‘द स्टोरी ऑफ माय लाइफ’मध्ये लिहिलं आहे. त्याच्या मृत्यूनंतर १८७७ मध्ये ते पुस्तक निघालं, आणि राजाबद्दलची पानं लिहिताना कारभाऱ्याचा आणि बापाचा हात एकमेकांवर कुरघोडी करतो आहे, हे जाणवत राहतं. सत्ता, प्रेम, दगा आणि पश्चात्ताप, सेल्झनिकला हवं असलेलं सगळं इथे होतं. एकच अडचण होती, यात गोऱ्या साहेबाची बाजू फार निर्मळ राहत नाही.

टेलरची पुस्तकं आता हक्कमुक्त आहेत आणि इंटरनेटवरच्या ग्रंथालयांत फुकट वाचायला मिळतात. मराठी आणि कन्नड दोन्ही येणाऱ्या, बिदर-कलबुर्गीच्या कॉलेजांत इतिहास किंवा साहित्य शिकणाऱ्या मुलांना माझं सांगणं आहे: एका हातात ‘तारा’ आणि दुसऱ्या हातात ‘गड आला पण सिंह गेला’ घ्या आणि दोन्ही सलग वाचा. मग सुट्टीत नळदुर्ग, तुळजापूर करून सुरपूरला उतरा. तिथल्या टेकडीवर टेलरने बांधलेला बंगला ‘टेलर मंझिल’ या नावाने आजही उभा आहे.